कानात घालण्याआधी कान उघडा!

बीडच्या सुभाष रोडवर मोबाइलच्या कोणत्याही दुकानात जरा वेळ उभं राहा. हेडफोन किंवा बड्स घ्यायला आलेल्यांचे दोन प्रश्न हमखास कानावर पडतात: ‘केवढ्याला?’ आणि ‘बास कसाय?’ तिसरा प्रश्न क्वचितच कोणी विचारतं: ‘हे घालून तुम्ही जाणार कुठं?’ खरी निवड तर त्यावरच ठरते. एसटीत झोप काढणारा, पहाटे भरतीसाठी पळणारी, ट्रॅक्टरवर दिवस घालवणारा आणि अभ्यासिकेत मान खाली घालून बसणारी, या सगळ्यांना एकच ‘ब्लूटूथ’ कसं पुरेल? म्हणून बीड जिल्ह्याची धूळ, ऊन आणि गोंगाट डोळ्यांसमोर ठेवून निवडलेल्या या डझनभर गमतीच्या गोष्टी. प्रत्येकीच्या शेपटाला खरेदीचा एक सल्ला बांधलेला आहे.

१. खोक्यावरचा आकडा मोराला पुरणार नाही

‘२० हर्ट्झ ते २०,००० हर्ट्झ’ असं खोक्यावर ऐटीत छापलेलं असतं. ही त्या हेडफोनची मर्दुमकी नाही. निरोगी तरुण माणसाच्या कानाची साधारण मर्यादाच तेवढी आहे. वय वाढेल तशी वरची टोकं आपोआप गळत जातात. पाटोदा तालुक्यातल्या नायगाव मयूर अभयारण्यातल्या मोराचं मात्र एवढ्यावर भागणार नाही. पिसारा थरथरवताना मोर २० हर्ट्झच्याही खालचा, आपल्याला ऐकूच न येणारा आवाज काढतो आणि दुसरे मोर-लांडोर त्याला प्रतिसाद देतात, हे कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवून दिलं.

*सल्ला:* हा आकडा वाचून पैसे मोजू नका. दोनशेच्या आणि वीस हजारांच्या खोक्यावर तो बऱ्याचदा सारखाच असतो.

२. अविनाश साबळे शर्यतीत गाणी ऐकू शकत नाही

आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेनं ७ जुलै २०२४ रोजी पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ३,००० मीटर स्टीपलचेस ८ मिनिटं ९.९१ सेकंदांत पळून राष्ट्रीय विक्रम केला. या शर्यतीत २८ अडथळे आणि पाण्यावरच्या ७ उड्या असतात. त्या पार करताना कानात गाणं लावायची सोयच नाही, कारण जागतिक अ‍ॅथलेटिक्सच्या नियमांनुसार स्पर्धेच्या जागेत मोबाइल, रेडिओ किंवा तशी उपकरणं वापरायला बंदी आहे.

सरावात मात्र अनेकांना ताल लागतो. पोलीस भरतीचे १,६०० मीटर (मुलींना ८०० मीटर) डोळ्यांसमोर ठेवून गावोगावची पोरं-पोरी पहाटेच्या अंधारात रस्त्याच्या कडेनं पळतात. अशा वेळी कान गच्च बंद करणारे बड्स म्हणजे मागून येणाऱ्या ट्रकशी पैज. त्यांच्यासाठी ‘ओपन इअर’ किंवा ‘बोन कंडक्शन’ प्रकार आहे. बोन कंडक्शनमध्ये कंपनं कानाच्या पुढच्या हाडातून थेट अंतर्कर्णात पोहोचतात आणि कानाचं भोक मोकळं राहतं. आपला रेकॉर्ड केलेला आवाज आपल्यालाच परका वाटतो, त्यामागं हीच हाडं आहेत: बोलताना आपण स्वतःला हवेतून ऐकतो तसं हाडांतूनही ऐकतो. रेकॉर्डिंगमध्ये हाडांचा वाटा नसतो.

*सल्ला:* रस्त्यावर पळणार असाल तर ओपन इअर. बास कमी मिळेल, हॉर्न पूर्ण मिळेल. आणि दुचाकीवर यातलं काहीच नको.

३. ‘आयपीएक्स’मधला एक्स म्हणजे धुळीची परीक्षा दिलीच नाही

‘आयपीएक्स४, वॉटरप्रूफ!’ असं दुकानदार छातीठोकपणे सांगतो. आयपीनंतरचा पहिला आकडा धुळीचा (० ते ६) आणि दुसरा पाण्याचा (० ते ९). पहिल्या जागी ‘एक्स’ असेल तर धुळीची चाचणी नोंदवलेलीच नाही. पाण्यापुरता ४ म्हणजे घाम आणि शिंतोडे सोसणार. ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरणार.

आता विचार करा: बीडमध्ये पाऊस जास्त की धूळ? जिल्ह्याला बुडण्यापेक्षा माखण्याची भीती मोठी आहे. फुफाट्याचे रस्ते, खळं, मळणीयंत्र, मोंढ्यातली उधळण हे सगळं त्या बारीक जाळीत जाऊन बसतं. मग ‘एका कानातला आवाज कमी झालाय’ ही तक्रार सुरू होते.

*सल्ला:* शेतात किंवा रस्त्याच्या कामावर वापरणार असाल तर आयपी५४ किंवा आयपी५५ शोधा. हा आकडा बहुतेक वेळा फक्त बड्सचा असतो, चार्जिंगच्या डबीचा नसतो. ओले बड्स डबीत टाकू नका. जाळी कोरड्या मऊ ब्रशनं साफ करा, टाचणीनं नको.

४. लाल परीत एएनसी चालते, शेजारच्या गप्पांपुढं हात टेकते

एएनसी म्हणजे ‘अ‍ॅक्टिव्ह नॉइज कॅन्सलेशन’. आवाजावर उलटा आवाज सोडून त्याला संपवायची ही कल्पना जुनी आहे. जर्मनीच्या पॉल ल्यूग यांना तिचं अमेरिकी पेटंट १९३६ मध्ये मिळालं. पुढं १९७८ मध्ये झुरिकहून बोस्टनला विमानानं जाताना इंजिनाच्या घरघरीला वैतागून अमर बोस यांनी हवेतच गणितं मांडायला घेतली. हे बोस म्हणजे बंगालमधून अमेरिकेत गेलेल्या एका स्वातंत्र्यसैनिकाचे चिरंजीव. त्यांच्या कंपनीचा वैमानिकांसाठीचा हेडसेट १९८९ मध्ये बाजारात आला.

यामागचं गणित असं. १०० हर्ट्झच्या घरघरीची एक लाट सुमारे साडेतीन मीटर लांब असते. ती संथ, एकसुरी असते, म्हणून बड्समधल्या चिपला तिची उलटी लाट जुळवायला वेळ मिळतो. ३,००० हर्ट्झच्या किंकाळीची लाट अकरा-बारा सेंटिमीटरची. ती उलटवेपर्यंत निघून गेलेली असते. त्यामुळं एसटीच्या इंजिनाची घरघर, पंख्याची भुणभुण, जनरेटरचा गुरगुराट कमी होतो. कंडक्टरची हाक, बाळाचं रडणं आणि मागच्या सीटवरची सोयरिकीची चर्चा येतच राहते. १७ सप्टेंबर २०२५ रोजी बीडहून अहिल्यानगरला रेल्वे धावू लागली. तिच्या एकसुरी घरघरीवरही एएनसी लागू पडेल.

*सल्ला:* बीड–पुणे वारी नेहमीची असेल तर एएनसीला पैसे द्या. गावातल्या गावात वापरायचं असेल तर तेच पैसे चांगल्या माईकमध्ये घाला.

५. ‘ईएनसी’चा फायदा तुम्हाला नाही, समोरच्याला

स्वस्त खोक्यांवर ठळक ‘ईएनसी’ लिहिलेलं असतं आणि ‘आवाज बंद करणारं मशीन’ समजून गिऱ्हाईक खूश होतं. एएनसी तुमच्या कानातला गोंगाट कमी करते. ईएनसी तुमच्या माईकमध्ये शिरणारा गोंगाट गाळते. म्हणजे मोंढ्यात उभे राहून तुम्ही भाव विचारलात, तर व्यापाऱ्याला तुमचं बोलणं स्पष्ट जाईल. तुमच्या कानातली हमालांची आरडाओरड जशीच्या तशी.

*सल्ला:* तीन अक्षरांतलं पहिलं अक्षर नीट वाचा. दोनांतला फरक हजार-दोन हजारांचा असू शकतो.

६. कोपीतल्या फोनला नेकबँड बरा

दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातली हजारो कुटुंबं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे ‘एक कोयता’, अशी तिथली मोजणी. लेकरं आजी-आजोबांकडं किंवा हंगामी वसतिगृहात राहतात आणि संध्याकाळी कोपीतून (तात्पुरत्या झोपडीतून) फोन लागतो. अशा वापरात सुटे बड्स म्हणजे डोकेदुखी: एक पाचटात पडला की गेलाच. नेकबँड गळ्यातून निसटत नाही. त्याची बॅटरी मोठी असल्यानं तो एका चार्जिंगवर बड्सपेक्षा जास्त तास चालतो आणि डबी सांभाळायची कटकट नाही.

एक गंमत लक्षात आली असेल: गाणं झकास वाजणारं ब्लूटूथ फोन उचलला की एकदम डबक्यातून बोलल्यासारखं वाटतं. गाण्याच्या वेळी आवाज फक्त फोनकडून कानाकडं येतो. बोलताना माईकचा आवाज परतही धाडायचा असतो. वाट तेवढीच, वाहतूक दुहेरी, म्हणून दर्जा उतरवला जातो. जुनी टेलिफोन यंत्रणा तर ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यावर चालायची आणि तरी माणसं ओळखू यायची.

*सल्ला:* बोलण्यासाठी घेताय तर दुकानात गाणं नको, फोन लावून पाहा. तोही दुकानाबाहेर, रस्त्यावर उभं राहून.

७. हेडफोन तपासायला कीर्तन लावा

आवाज तपासायला परदेशी गाण्यांच्या याद्या कशाला हव्यात? गावच्या सप्ताहातलं एखादं चांगलं रेकॉर्ड केलेलं कीर्तन पुरे. पखवाजाची डावी बाजू म्हणजे खालचे सूर, टाळ म्हणजे वरचे, आणि बुवांचा गळा बरोबर मध्ये. पखवाज घुमतोय पण बुवांचे शब्द बुडतायत, तर बास गरजेपेक्षा फुगवलाय. टाळ कानाला टोचतायत, तर वरचे सूर कर्कश आहेत. तिन्ही सुटे सुटे ऐकू आले तर माल चांगला.

‘१३ एमएमचा ड्रायव्हर’ या जाहिरातीनंही भुलू नका. पडदा मोठा म्हणजे आवाज चांगला, असा नियम नाही. उलट बास गायब होण्याचं सर्वांत साधं कारण रबराची टोपी असते. खोक्यात लहान, मध्यम, मोठ्या अशा जोड्या येतात. बहुतेक जण बसवून आलेली मध्यमच वापरतात. ती सैल असेल तर कितीही महाग बड्स घ्या, बास फुटक्या घागरीतल्या पाण्यासारखा झिरपून जातो. दोन्ही कानांचं माप वेगळं असू शकतं, त्यामुळं एकीकडं मध्यम आणि दुसरीकडं लहान टोपी लावायला लाजू नका.

*सल्ला:* घरी आल्यावर तिन्ही जोड्या लावून बघा. फुकटात आवाज सुधारतो.

८. आकाशवाणी ऐकायची तर वायर ठेवा

ज्या मोबाइलमध्ये एफएम रेडिओ असतो, त्यांतल्या बहुतेकांचा रेडिओ हेडफोनची पिन लावल्याशिवाय सुरू होत नाही. कारण हेडफोनची वायरच अँटेनाचं काम करते. एफएमची लाट सुमारे तीन मीटरची. मीटरभर वायर तिला छान पकडते. बड्सना वायरच नाही, मग अँटेना कुठून आणणार? आकाशवाणीचं बीड केंद्र नेटशिवाय, डेटा न जाळता ऐकायचं असेल तर जुना वायरवाला हेडफोन फेकू नका.

त्याच्या पिनेची कुळकथाही भारी. या पिनेची थोरली बहीण १८७८ च्या सुमाराची, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर बाया खोचत-काढत असत ती. तीच बारीक होत होत खिशात आली. २०१६ मध्ये ॲपलनं आयफोन ७ मधून तिला काढलं, त्याच दिवशी एअरपॉड्स दाखवले आणि मग सगळ्यांच्या कानातल्या वायरी गळायला लागल्या.

*सल्ला:* रेडिओप्रेमींनी फोनला पिनेचं भोक आहे का ते आधी पाहावं.

९. सेकंदाला १,६०० उड्या

नेहमीचं ब्लूटूथ ७९ वाटांवर सेकंदाला १,६०० वेळा उड्या मारत चालतं. एका वाटेवर वायफायची गर्दी असली तर दुसरीवर निसटतं. अशा उड्यांच्या कल्पनेचं एक पेटंट १९४२ मध्ये हॉलिवूडची नटी हेडी लामार आणि संगीतकार जॉर्ज अँथील यांना मिळालं होतं. त्यांना शत्रूला जॅम करता येणार नाही असा पाणतीर हवा होता, आणि त्यांनी वाटा मोजल्या होत्या ८८. पियानोच्या पट्ट्याही तेवढ्याच.

एवढ्या उड्या मारूनही गाणं तुटतं, कारण मध्ये तुम्ही स्वतः येता. ब्लूटूथची लहर २.४ गिगाहर्ट्झची. आपल्या अंगात पाणी भरपूर आणि ते ही लहर शोषून घेतं. फोन मागच्या खिशात आणि मुख्य बड दुसऱ्या बाजूच्या कानात असला की अख्खा देह आडवा येतो.

*सल्ला:* आवाज तुटला तर आधी फोनचा खिसा बदला, मग कंपनीला शिव्या द्या.

१०. गेममधला शत्रू ७० मीटर मागं

साध्या बड्समध्ये चित्र आणि आवाज यांत सेकंदाचा पाचवा हिस्सा सहज पडतो. तेवढ्या वेळात हवेतला आवाज जवळजवळ ७० मीटर जातो. म्हणजे पबजीत शेजारी झाडलेली गोळी तुम्हाला ७० मीटर लांबून झाडल्यासारखी उशिरा ऐकू येते आणि तोवर खेळ खल्लास. व्हिडिओचे अ‍ॅप चित्रच थोडं थांबवून हा फरक लपवतात. गेमला तशी सवलत नसते.

एलडॅकसारख्या भारी ‘कोडेक’ची, म्हणजे आवाज बांधून धाडायच्या पद्धतीची, गोष्ट वेगळी. तो सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत माहिती नेतो खरा, पण एका हातानं टाळी वाजत नाही. फोन आणि बड्स दोघांनाही तो यावा लागतो, आणि आयफोनला तो येतच नाही.

*सल्ला:* गेमसाठी ‘लो लेटन्सी’ (कमी उशीर) सोय असलेले बड्स घ्या. खरा गडी असाल तर वायर लावा. भारी कोडेकचे पैसे देण्याआधी आपला फोन काय जाणतो ते बघा.

११. बॅटरी फोनच्या शंभराव्या हिश्शाची, ऊन पूर्ण बीडचं

एका बडमध्ये साधारण ४०-५० एमएएचची बॅटरी असते. फोनची ५,००० ची, म्हणजे शंभरपट. तरी ती चालते हेच नवल. खोक्यावरचे ‘५० तास’ डबीसकट धरलेले असतात, तेही बहुधा निम्म्या आवाजावर आणि एएनसी बंद ठेवून. लिथियमच्या बॅटरीचा खरा वैरी म्हणजे उष्णता. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो, आणि उन्हात उभ्या जीपच्या डॅशबोर्डवर त्याहून कितीतरी वर. तिथं विसरलेली डबी मुदतीआधी म्हातारी होते. बड्सची बॅटरी सहसा बदलून मिळत नाही.

वीज जाण्याचाही हिशेब ठेवा. परळीच्या औष्णिक केंद्रात वीज तयार होते म्हणून जिल्ह्यात ती जात नाही, असं थोडंच आहे!

*सल्ला:* दहा मिनिटांत तास-दोन तासांचं चार्जिंग देणारा प्रकार घ्या. डबी उन्हातून सावलीत आणून मगच चार्जिंगला लावा.

१२. कोंबडीला परत मिळतं, आपल्याला नाही

आपल्या प्रत्येक कानात आवाज टिपणाऱ्या सुमारे १५ हजार केसपेशी असतात. मोठ्या आवाजानं मेल्या की कायमच्या गेल्या. कोंबडीच्या कानात मात्र त्या पुन्हा उगवतात, हे शास्त्रज्ञांना १९८० च्या दशकात कळलं. खुराड्यातल्या कोंबडीला जे जमतं ते तिच्या मालकाला जमत नाही!

जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब सोपा आहे: ८० डेसिबल असेल तर आठवड्याला ४० तास. दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा. ९० डेसिबलला उरतात जेमतेम ४ तास, तेही पूर्ण आठवड्याचे. ट्रॅक्टरच्या आवाजावर मात करायला गाणं वाढवणारा माणूस दोन्हीकडून मार खातो.

*सल्ला:* बाहेरचा गोंगाट बाहेर ठेवणारी टोपी किंवा एएनसी असली की आवाज कमी ठेवूनही गाणं ऐकू येतं. बड्स काढल्यावर कानात ‘कुई’ वाजत असेल तर तो इशारा समजा. ती थांबत नसेल तर अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात कान-नाक-घसा विभाग आहे, तिथं दाखवा.

पैसे देण्याआधी

खोक्यावर बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) नोंदणी चिन्ह आणि इंग्रजी ‘आर’ अक्षरानं सुरू होणारा क्रमांक शोधा. तो ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये टाकला की नोंदणी कोणाच्या नावावर आहे ते कळतं. पक्कं बिल घ्या, कारण वॉरंटी बिलाच्या तारखेपासून मोजतात. वाद झालाच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

कोणी काय घ्यावं: झटपट यादी

- पहाटे पळणारे: ओपन इअर किंवा बोन कंडक्शन.
- शेतात, बांधकामावर राबणारे: धुळीचा आकडा असलेला नेकबँड, एकच कान वापरून.
- एसटी-रेल्वेचे प्रवासी: एएनसीवाले बड्स.
- अभ्यासिकेतले विद्यार्थी: कान झाकणारा मोठा हेडफोन, एएनसीवाला. पंख्याची भुणभुण कमी होते, भोकात काही खुपत नाही. उन्हाळ्यात कान घामेजतात एवढंच.
- दिवसभर फोनवर बोलणारे व्यापारी, मुकादम: ईएनसी आणि मोठी बॅटरी.
- गेमवाले: वायर, नाहीतर लो लेटन्सी.
- कमी ऐकू येणारे आजी-आजोबा: बड्स नकोत, आधी कानाची तपासणी.
- वरातीत डीजेच्या भिंतीपुढं नाचणारे: फोमचे इअरप्लग. तेही वायरलेसच असतात, पेअर करावे लागत नाहीत आणि चार्जिंग कधीच संपत नाही.